घाम, लाळ, थरथर. पण ही फवारणी नव्हे

लाळ गळतेय, अंग घामानं भिजलंय, हातपाय थरथरतायत, असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात सिस्टरांचा हात आपसूक अ‍ॅट्रोपिनच्या ट्रेकडे जातो; फवारणीच्या विषावरचं ते पहिलं औषध. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे विष म्हणजे आधी शेतातलं औषध. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी दगावले, त्यानंतर तर हे चित्र प्रत्येक इंटर्नच्या डोक्यात पक्कं बसलं. पण आता त्याच चित्राआड दुसरं विष येऊ लागलंय: व्हेपमधलं (ई-सिगारेटमधलं) द्रव निकोटिन, ओठाखाली ठेवायचे निकोटिन पाऊच, तापवून ओढायच्या तंबाखूच्या कांड्या. वरून सारखं दिसतं, उपचाराची वाट मात्र वेगळी आहे. पहिल्या सहा तासांत आम्ही काय करतो, काय मुद्दाम टाळतो आणि काम कुठे बिघडतं ते इथे लिहितोय. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री एकट्यानं ड्यूटी करणाऱ्याच्या हाती काहीतरी असावं म्हणून.

बऱ्याचदा पेशंटच्या आधी फोन येतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मिठाचं पाणी पाजून उलटी काढू का? "ताई, काहीच पाजू नका" हे आमचं पहिलं वाक्य. मिठाचं पाणी नको, घशात बोट नको, दूध, ताक, लिंबू काही नको. निकोटिन स्वतःच उलटी आणतं, द्रव प्यायलं असेल तर बहुतेकदा पंधरा मिनिटांच्या आत. आणि याच विषानं अचानक फिट येते. भरल्या पोटी फिट आली की पोटातलं फुप्फुसात जातं, मग विषापेक्षा तो न्यूमोनिया जास्त दिवस छळतो. तंबाखूची कांडी किंवा थोटूक गिळलं असेल तर पाणी-दूध पाजण्यानं आणखी एक घोटाळा होतो: तंबाखूतलं निकोटिन पाण्यात भराभर उतरतं. जठरातल्या आम्लात ते फारसं शोषलं जात नाही, लहान आतड्यात मात्र झपाट्यानं शोषलं जातं. म्हणजे वरून पाणी पाजून आपण विष विरघळवून पुढे ढकलतो.

करायचं ते एवढंच: तोंडात काही उरलं असेल तर बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसून काढा. डाव्या कुशीवर झोपवा. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे उतरवा आणि अंग साध्या पाण्यानं धुवा, घासू नका. निकोटिन अखंड कातडीतूनही आत जातं. ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना गरगरतं, उलट्या होतात, ते याच कारणानं. बाटली, खोका, मशीन, जे हाती लागेल ते पिशवीत घालून सोबत आणा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास बोलतं. डॉक्टरांनीही तिथे विचारायला संकोच करू नये.

पेशंट आत आला की पहिली दोन मिनिटं प्रश्न विचारण्यात घालवत नाही. नायट्राइल ग्लोव्हज, डाव्या कुशीवर, सक्शन सुरू, ऑक्सिजन, मॉनिटर, शिरेत सुई, बोटातून साखर. लहान मुलाची साखर बघायची राहून जाते आणि फिटचं खापर विषावर फुटतं, म्हणून ती सुईबरोबरच. भिजलेले कपडे पिशवीत बांधून बाजूला ठेवतो, कॉटखाली टाकत नाही. मग ईसीजी. सुरुवातीला नाडी जोरात आणि बीपी चढलेलं असतं. ते पाहून बीपी उतरवायचं औषध द्यायचा मोह होतो, तो आवरायचा. अर्ध्या-एक तासात हेच बीपी आणि हीच नाडी खाली घसरू शकते, आणि आपण दिलेलं औषध तेव्हा उलटं बसतं.

असं का होतं, ते समजलं की पुढचं सगळं उपचाराचं गणित सुटतं. निकोटिन मज्जासंस्थेच्या गाठींत, नस आणि स्नायू जुळतात तिथे आणि मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिनच्या (नसांचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या) जागेवर जाऊन बसतं. आधी त्या जागा चेतवतं: उलटी, लाळ, घाम, थरथर, फिट. मात्रा मोठी असेल तर ते तिथून हलत नाही आणि जागा बधिर पडतात. मग नाडी मंदावते, बीपी पडतं, स्नायू लुळे होतात आणि श्वास थांबतो. पहिला अंक साधारण पहिल्या तासातला, दुसरा अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत केव्हाही. पेशंट शांत झाला म्हणून आपण निवांत होतो, तीच वेळ सर्वात धोक्याची असते.

आता 'किती घेतलं' हा प्रश्न. इथे नातेवाईक गप्प होतात. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. तापवून ओढायची तंबाखूही त्यातच येते. त्यामुळे घरात ही वस्तू होती हे सांगायलाच माणसं घाबरतात. "काहीतरी सेंट प्यायला", "कसलंसं सिरप होतं" अशी सुरुवात होते. आम्ही वॉर्डबॉय मामांना दार लावायला सांगतो आणि बापाला किंवा मोठ्या भावाला बाजूला घेऊन स्पष्ट बोलतो: दादा, एमएलसी (पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होणारच आहे, ती प्रत्येक विषबाधेची होते, पण बाटलीवर किती लिहिलं होतं ते आत्ता कळलं तर पोराचा जीव वाचवायला मदत होईल. कॉलेजच्या मुलाचा मित्र दाराबाहेर उभा असतो, त्याला नेमकं माहीत असतं. त्याला आधी गाठा.

बाटलीवर 'मिलिग्रॅम प्रति मिली' लिहिलेलं असतं किंवा टक्के. तीन, सहा, बारा, अठरा, वीस हे आकडे मिलिग्रॅमचे; युरोपीय संघात वीस ही कमाल मर्यादा आहे आणि बाटलीही दहा मिलीपेक्षा मोठी चालत नाही. आपल्याकडे चोरवाटेनं येणाऱ्या मालाला मर्यादा कोण लावणार? '५%' लिहिलं असेल तर एका मिलीत साधारण पन्नास मिलिग्रॅम धरा. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा एक घोट चार-पाच मिलीचा असतो. म्हणजे दहा किलोच्या मुलानं त्या बाटलीचा एकच घोट घेतला तरी दोनशे मिलिग्रॅमच्या वर, किलोमागे वीस मिलिग्रॅम. नुसतं अर्धा मिली चाटलं तरी किलोमागे अडीच. लहान मुलात किलोमागे मिलिग्रॅमच्या दोन-दशांशालाही लक्षणं दिसू शकतात, हे शेजारी ठेवून बघा म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात वर्षभराचं मूल द्रव निकोटिननं दगावलं. त्यानंतर तिथे मुलांना न उघडणारं झाकण कायद्यानं सक्तीचं झालं. इथे येणाऱ्या बाटल्यांना ते झाकण असेलच असं नाही, आणि वास आंब्याचा, पुदिन्याचा, चॉकलेटचा.

मोठ्या माणसाला मारक मात्रा तीस ते साठ मिलिग्रॅम, असं अनेक पुस्तकांत अजून छापलेलं सापडतं. ग्राझ विद्यापीठातले बेर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये हा आकडा मागे मागे शोधत नेला, तर तो एकोणिसाव्या शतकातल्या संशयास्पद स्वतःवरच्या प्रयोगांपाशी जाऊन थांबला. त्यांच्या हिशेबानं खालची मर्यादा अर्धा ते एक ग्रॅम तोंडावाटे. म्हणजे व्हेपचे दोन थेंब ओठाला लागलेला प्रौढ मरत नाही. पण दहा मिलीची पन्नासवाली बाटली रागाच्या भरात तोंडाला लावली तर ती नेमकी अर्ध्या ग्रॅमची असते. शिवाय रोज मावा-खर्रा खाणारा माणूस जे पचवेल ते कधीच तंबाखू न खाल्लेल्या मुलीला झेपणार नाही. आकडा लिहून ठेवा, पण निर्णय समोरच्या पेशंटवरून घ्या.

आता मूळ प्रश्न: हे ऑर्गॅनोफॉस्फरस (ओपी, म्हणजे फवारणीचं कीटकनाशक) आहे की निकोटिन? डोळ्यांच्या बाहुल्यांवर विसंबू नका. ओपीत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, निकोटिनमध्ये आधी आकसतात आणि मग मोठ्या होऊ शकतात, त्यामुळे केव्हा पाहिलं यावर सगळं अवलंबून. वास बरंच सांगतो: शेतातल्या औषधाला लसणासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र दर्प, व्हेपच्या द्रवाला गोड फळाचा. वेळ त्याहून जास्त सांगते. निकोटिन पंधरा मिनिटांत सुरू होऊन तासाभरात आपलं पूर्ण रूप दाखवतं आणि जगला तर पेशंट दुसऱ्या दिवशी उठून बसतो. ओपी दिवसेंदिवस चालतं. रक्तातलं कोलिनएस्टरेज (ओपी ज्याला अडवतं ते विकर) निकोटिनमध्ये नॉर्मल येतं, म्हणून नमुना जरूर पाठवा, पण रिपोर्ट सकाळी येणार आणि निर्णय आत्ता घ्यायचाय. निकोटिनचा अवशेष असलेलं कोटिनिन मोजता येतं. त्याचा उपयोग नंतर खात्री करायला, उपचार ठरवायला नाही.

अ‍ॅट्रोपिन निकोटिनमध्येही लागतं, पण त्याचं काम मर्यादित आहे. छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येत असेल किंवा नाडी मंदावून बीपी पडत असेल, तर द्या: प्रौढाला ०.६ मिलिग्रॅमच्या एक-दोन अँप्युल, मुलाला किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. छाती मोकळी झाली, नाडी सुधारली की थांबा. घोटाळा होतो तो ओपीच्या सवयीनं दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत गेल्यावर. थरथर, लुळेपणा, दमलेला श्वास, यांतल्या कशालाही अ‍ॅट्रोपिन हात लावत नाही, कारण ती जागाच वेगळी. तरी 'अजून थरथरतोय' म्हणून अँप्युल फुटत राहतात, मग पेशंटला ताप चढतो, नाडी एकशे साठवर जाते, तो बरळू लागतो आणि आता यातलं विषाचं किती आणि आपलं किती हे कुणालाच सांगता येत नाही. पामचा (प्रॅलिडॉक्सिम, ओपीनं अडवलेलं कोलिनएस्टरेज सोडवणारं औषध) तर इथे संबंधच नाही. निकोटिन कोलिनएस्टरेजला अडवत नाही, मग पाम सोडवणार काय? मात्र खरोखरच काही कळत नसेल, बाटली नाही, बोलणारं कुणी नाही, छाती भरलेली, तर ओपी समजून सुरू करा. त्या चुकीची किंमत उलट्या चुकीपेक्षा खूप कमी आहे.

इमिडाक्लोप्रिडसारखी नव्या पिढीची कीटकनाशकं याच निकोटिनच्या साच्यावर बेतलेली आहेत. शेतातून आलेला, पण पामनं काहीच फरक न पडलेला पेशंट असेल तर औषधाचा डबा मागवून नाव वाचा.

फिट आली तर लोराझेपाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त चार, दोन मिनिटं घेऊन सावकाश. लोराझेपाम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे छोट्या दवाखान्यात बऱ्याचदा मिळतच नाही, मिडाझोलाम मिळतं. सुई लागत नसेल तर तेच मांडीत, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, कमाल दहा. शिर शोधत पाच मिनिटं घालवण्यापेक्षा मांडीतलं इंजेक्शन लवकर काम करतं. दोन डोसांनी थांबलं नाही तर लेव्हेटिरासेटाम किंवा फेनोबार्बिटोन. फेनिटॉइन विषामुळे येणाऱ्या फिटवर भरवशाचं नाही, ते हाताशी आहे म्हणून देऊ नका.

फिट थांबली, मूल गप्प पडलं. इथेच सर्वात जास्त नुकसान होतं. घरचे म्हणतात झोपलं, आपणही औषधाची गुंगी म्हणून सोडून देतो. ते झोपलेलं नसतं, स्नायू सुटलेले असतात. ऑक्सिजन लावलेला असतो तोवर बोटावरचा आकडा ९८ दाखवत राहतो आणि छाती मात्र जेमतेम हलत असते. म्हणून मॉनिटरकडे पाठ करून एक मिनिटभर छातीच बघा. मोठ्या माणसाला उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगा. जमलं नाही, तर श्वासाची पाळी जवळ आलीय. अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आधीच डोक्याशी जोडून ठेवा. मोठ्याला पाच-सहा सेकंदांनी एक, मुलाला दोन-तीन सेकंदांनी एक, छाती उचलेल एवढंच दाबायचं. घाबरून जोरानं दाबलं की हवा पोटात जाते आणि उलटी वर येते. श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आली तर स्नायू ढिले करायला आम्ही रॉक्युरोनियम घेतो, सक्सिनिलकोलिन नाही. ज्या जागा निकोटिननं आधीच चेतवून थकवल्यात त्याच जागा तेही चेतवतं.

तालुक्याच्या सहकाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: या विषाला उतारा नाही, पण निकोटिन रक्तात अर्धं व्हायला साधारण दोन तास लागतात. यकृत ते स्वतः मोडून टाकतं. व्हेंटिलेटर नसला तरी दोन माणसं आलटून पालटून बॅग दाबत राहिली तर पेशंट त्या पलीकडे नेता येतो. बीपीसाठी सलाईन किलोमागे दहा मिली, पुन्हा तपासून पुन्हा दहा, मग नॉरअ‍ॅड्रेनलिन. रेफर करायचंय तर श्वास हातात घेऊन, बॅग धरणारा माणूस गाडीत बसवून. एकट्या ड्रायव्हरबरोबर कुशीवर झोपवून पाठवलेलं मूल पुढच्या दवाखान्यात पोचेलच असं नाही.

आणि पोट धुणं. नातेवाइकांना ते दिसलं नाही की उपचार झालाच नाही असं वाटतं, त्यावरून भांडणं होतात. द्रव निकोटिन काही मिनिटांत शोषलं जातं, उरलेलं उलटीत पडतं. नळी टाकून उलटी फुप्फुसात ढकलण्यापलीकडे हाती काही लागत नाही. औषधी कोळशाची पूड फक्त घन वस्तूसाठी: गिळलेला पाऊच, निकोटिनचं गम, त्वचेवर लावायची पट्टी, कांडी. तीही तासाच्या आत, पूर्ण शुद्धीत असलेल्याला, उलटी होत नसेल तर, किलोमागे एक ग्रॅम, मोठ्याला पन्नास. डायलिसिस कामाचं नाही. लघवी आम्लधर्मी करून निकोटिन बाहेर काढायचा जुना सल्ला सोडून द्या, त्यानं अपायच होतो.

प्रत्येक वस्तूची खोड वेगळी. पाऊचमध्ये तंबाखूचं पान नसतं, पण अल्कली घातलेली असते, म्हणून तोंडाच्या अस्तरातूनच ते भराभर शिरतं. एकाच वेळी दोन-तीन लावणाऱ्या मुलांना चक्कर आणि उलट्या होतात. हिरडीवर अजून पुडी चिकटलेली आहे का ते टॉर्चनं बघा, सगळे उपचार चालू असतात आणि विषाचा झरा तोंडातच असतो. त्वचेवरच्या पट्टीचंही तसंच, पाठ आणि कुल्ले तपासा. पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं निकोटिन पुढे कित्येक तास झिरपत राहतं. तापवायच्या कांडीत एकूण निकोटिन चार-पाच मिलिग्रॅमच, पण ती आखूड असल्यानं बाळाच्या तोंडात अख्खी मावते. चुंबकीय पद्धतीनं तापणाऱ्या काही कांड्यांच्या आत धातूची पातळ पाती असते. जपानमध्ये या कांड्या घरोघरी असल्यानं तिथे पालकांना याचे इशारे दिले गेले आहेत. आखाती देशातून किंवा जपानहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेतली कांडी बाळानं चघळली असेल तर मान, छाती, पोट यांचा एक्स-रे काढा. सिगारेटची थोटकं विझवलेल्या कोल्ड्रिंकच्या डब्यातलं पाणी मात्र नुसत्या थोटकापेक्षा वाईट. निकोटिन त्यात आधीच उतरलेलं असतं आणि एका घोटात जातं.

बाटलीत निकोटिनच आहे याची खात्री धरू नका. व्हेपमधून गांजाचा अर्क, कृत्रिम गांजा, अफूच्या जातीची रसायनं विकली गेली आहेत; सिंगापूरला तर २०२५ मध्ये भुलीचं एटोमिडेट मिसळलेल्या व्हेपविरुद्ध कायदा कडक करावा लागला. बाहुल्या टाचणीसारख्या, श्वास मंद, पण ना लाळ ना घाम, अशा वेळी नॅलॉक्सोन (अफूच्या जातीच्या विषाचा उतारा) देऊन बघण्यात तोटा नाही.

लक्षणं नसलेल्याला सहा तास ठेवतो, पट्टी गिळली असेल तर चोवीस. मोठ्या माणसानं जाणूनबुजून घेतलं असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखाली असलेला समजतो, हे त्याच्या आईवडिलांना शब्दांत सांगावं लागतं, कारण पोलीस येऊन गेलेले असतात आणि घर हादरलेलं असतं. बाटली, कपडे आणि उलटीचा नमुना सील करून एमएलसी क्रमांक घालून देतो. केसपेपरवर मिलिग्रॅमचा अंदाज, घेतल्याची वेळ, पहिल्या उलटीची वेळ आणि प्रत्येक अ‍ॅट्रोपिनची वेळ लिहितो.

घरी जाताना आईला एक गोष्ट दोनदा सांगतो. पुढच्या दोन दिवसांत खोकला, ताप, धाप, छातीत घुरघुर यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता घेऊन या. उलटी फुप्फुसात गेली असेल तर ती आता बोलू लागते, आणि तेव्हा निकोटिनचा मागमूसही अंगात उरलेला नसतो.